बारा मिनिटांत एकशे चाळीस अंगठे

१० सप्टेंबर, सोमवार

आज मोठ्या बाईंनी मेमो दिला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. कारण: डस्टर. वास्तविक मी ते डस्टर त्या मुलाला मारलंच नव्हतं. त्याच्या कानाजवळून मागच्या भिंतीवर मारलं होतं. बावीस वर्षं इतिहास शिकवतोय, नेम कधी चुकलेला नाही. ऐन वेळी त्यानेच डोकं मध्ये आणलं. तीन टाके. डस्टरचेही दोन तुकडे झाले, पण मेमोत त्याचा उल्लेख नाही.

पुन्हा विद्यार्थ्यावर हात उचलला तर निलंबन, असं लिहिलंय. खाली सही करायला लावली. सही करताना पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. शाळा हल्ली कागद फार हलका वापरते.

संकल्प: आजपासून विद्यार्थ्यावर हात उचलणार नाही. मी मुळात थंड डोक्याचा माणूस आहे. घरी आल्यावर चहाचा कप भिंतीवर फेकला, पण तो रिकामा होता.

११ सप्टेंबर, मंगळवार

न्हाव्याकडे नंबर लागेपर्यंत एक जुनं मासिक चाळलं. त्यात लेख: सोशल मीडिया आणि मेसेजच्या मदतीने अध्यापन. खुर्चीत बसल्यावरही वाचत होतो. एका वाक्याला एवढा ताडकन उठलो की वस्तरा कानामागे लागला. रक्त आलं. न्हावी घाबरला. मी त्याला म्हटलं की मोठे बदल रक्ताशिवाय होत नाहीत.

ठरलं. वर्गाचा ग्रुप. नाव 'जिवंत इतिहास'. त्यासाठी वेगळा मोबाईल आणि वेगळा नंबर. मुलांनी खरी नावं लावायची नाहीत, टोपणनावं घ्यायची. लाजाळू मुलं त्यामुळे मोकळी होतात, असं लेखात आहे. रोज मी एक प्रश्न टाकणार, मुलं उत्तरं टाकणार, आणि मार्क देणार कोण? मुलंच. ज्या उत्तराला जितके अंगठे तितके मार्क. वीसपैकी. लोकशाही.

स्टाफरूममध्ये सांगितलं तर गणितवाला हसला. मार्क द्यायचं काम पोरांनी केलं तर तुम्ही काय करणार, असं विचारलं. त्याची खुर्ची त्याच्या खालून ओढून त्याच्याच टाळक्यात घालावी असं वाटलं. घातली नाही. सुधारणा दिसायला लागली आहे.

१३ सप्टेंबर, गुरुवार

ग्रुप सुरू. बेचाळीसच्या बेचाळीस आत, वर एक नंबर जास्तच. टोपणनावं भारी आहेत. पैलवान. डायनामाइट. आगपेटी. वर्गाचा बाप. (हा सापडला की त्याची कणिक तिंबणार होतो. मग मेमो आठवला.) शुभ्र फूल.

पैलवान कोण ते ओळखायला डोकं लागत नाही. शेवटच्या बाकावर एकटा दीड माणसाची जागा अडवून बसतो तो. बाकीच्यांचं मला माहीत नाही आणि माहीत करूनही घ्यायचं नाही.

माझी लेकही याच वर्गात आहे. चाळीस किलो वजन, चष्मा, तोंडातून शब्द निघत नाही. शाळेत मला सर म्हणते, घरी बाबा. तिला सांगून टाकलं की अभ्यासाचं काहीही असो, तक्रार असो, ग्रुपच्या मोबाईलवर लिहायचं. घरी बोलायचं नाही. वशिला नको. तिने विचारलं की तुम्ही सगळे मेसेज वाचणार का. मी म्हटलं की अर्थात, एक एक.

शुभ्र फूल म्हणजे तीच असणार. ग्रुपमध्ये आल्या आल्या फूल पाठवलं आणि खाली 'होय सर'. बापाचं मन ओळखतं.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

पहिला प्रश्न: युद्ध का होतं?

आगपेटी नावाच्या कुणीतरी चाळीस ओळी लिहिल्या. शून्य अंगठे. पैलवानाने लिहिलं, राजाची सटकली. एकतीस अंगठे. नियम म्हणजे नियम. पैलवान वीसपैकी वीस, आगपेटी भोपळा.

आगपेटीचं उत्तर वाचलं नाही, लांब होतं. पण अंगठे नाहीत म्हणजे कुठेतरी कमी पडलंच असणार. जनता खुळी नसते.

१७ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.१०

शनिवार-रविवार मिळून सहाशे मेसेज. शिवाय माझ्या नंबरवर खाजगी वेगळे. एंगेजमेंट म्हणतात ती हीच. सगळं वाचत बसलो तर अंघोळ राहील, म्हणून पद्धत बसवली. सकाळी संडासात बसलो की सरसकट प्रत्येक मेसेजला एक अंगठा. माझा अंगठा मार्कांत धरायचा नाही, तो फक्त प्रोत्साहनासाठी. बारा मिनिटांत एकशे चाळीस झाले. उरलेले उद्या.

गणितवाल्याला एक वही तपासायला बारा मिनिटं लागतात.

१९ सप्टेंबर, बुधवार

बायको नर्स आहे, दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत बसते. आज म्हणाली की तुमच्या वर्गातली तीन पोरं येऊन गेली. तिघांचेही उजवे अंगठे सुजलेले. एकाचा निखळलेला. पैलवान मधल्या सुट्टीत एकेकाचा हात पिरगाळतो, मोबाईल समोर धरतो आणि त्याच्याच अंगठ्याने आपल्या उत्तरावर दाबून घेतो, असं त्यातल्या एकाने तिला सांगितलं.

मी म्हटलं, याला प्रचार म्हणतात. मतदान असलं की प्रचार आलाच. बळी तो कान पिळी हे मी बावीस वर्षं फळ्यावर लिहून मुलांना कळलं नाही, ते पैलवानाने एका आठवड्यात शिकवलं.

बायको म्हणाली की कान नाही, अंगठे पिळतोय. तिला इतिहासात कधी गती नव्हती.

२२ सप्टेंबर, शनिवार

लेकीचा चष्मा फुटला. गालावर काच लागलीय. जिन्यावरून पडले म्हणाली. खाली बघून चालत जा म्हणून झापलं. चष्मा म्हणजे काही खेळणं नाही. उद्धट नाही पोरगी, सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं की मेसेज बघितलात का. मी म्हटलं बघितले, छान आहेत. (फुलाला कालही अंगठा दिला होता.)

बायको माझ्याकडे बघत होती. मला ग्रुपवर आवाजी संदेश रेकॉर्ड करायचा होता. विषय: शांततेचं महत्त्व. मध्येच शेजाऱ्याने ड्रिल मशीन लावलं म्हणून खिडकीतून त्याला दोन गोष्टी ऐकवल्या. त्याही रेकॉर्ड झाल्या. तसंच पाठवून दिलं. अडतीस अंगठे.

२४ सप्टेंबर, सोमवार

आगपेटीला आज नऊ अंगठे. कानामागून आली आणि तिखट झाली. हिने, किंवा याने, ग्रुपवर लिहिलंय की ज्यांना ज्यांना मार बसलाय त्यांनी मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे या, येताना कंपासपेटी आणा. चुकून हा एक मेसेज पूर्ण वाचला, कारण नळाचं पाणी गेलं होतं आणि बसून राहावं लागलं.

उठावाची पूर्वतयारी हा धडा आपण मागच्या आठवड्यात घेतला. तो इतका उतरलाय म्हणजे कमाल आहे. आगपेटीला अंगठा दिला, आणि वर एक पेटती मशालही.

२६ सप्टेंबर, बुधवार

शाळेत वातावरण भारलेलं आहे. दोन फुटके ओठ, एक अर्धा दात, एकाच्या डोक्याला टेंगूळ. टाकीमागे कंपासपेटी लागून पैलवानाच्या भुवईवर खोक. विचारलं तर सगळे एका सुरात खेळताना पडलो म्हणतात. केवढी एकी. दोन महिन्यांपूर्वी हीच मुलं एकमेकांकडे ढुंकून बघत नव्हती.

वर्गात उभा असताना माझं बोट कुणाला लागलेलं नाही. सोळा दिवस. गणितवाला म्हणाला की तुम्ही हात उचलत नाही, हात वाटताय. त्याच्या नरडीचा घोट घ्यावासा वाटला. बाहेर येऊन मोबाईल भिंतीवर आपटला. काच फुटली, तळहातात घुसली. बायकोने दोन टाके घातले, भूल न देता. तशीच पद्धत आहे म्हणाली. भिंत विद्यार्थी नसल्यामुळे मेमोचा प्रश्न येत नाही.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

प्रश्न: तहाची कलमे लिहा.

आजवरचं सर्वोत्तम उत्तर. आणि तेही पैलवान आणि आगपेटी यांनी मिळून लिहिलेलं. एक, तोंडावर मारायचं नाही. दोन, चष्मेवाल्याला आधी चष्मा काढून ठेवू द्यायचा. तीन, शिपाईकाका दिसले की सगळ्यांनी हसायचं. चार, रक्त आलं तर थांबायचं, नाकातून आलं तर थांबायचं नाही. पाच, कुणाच्या घरी सांगायचं नाही, सरांना चालेल.

इतकं नेमकं मसुदालेखन मी बी.ए.लासुद्धा पाहिलं नव्हतं. दोघांना वीसपैकी वीस. पाचव्या कलमाने तर डोळ्यांत पाणी आलं. मुलांचा विश्वास अशा वेळी कळतो.

१ ऑक्टोबर, सोमवार

मोठ्या बाईंनी बोलावलं. वाटलं दुसरा मेमो. तर म्हणे उपक्रमशील शिक्षकाच्या पुरस्कारासाठी शाळेतून तुमचं नाव गेलंय. शुक्रवारी समिती येणार. ग्रुपवर अठरा दिवसांत अकरा हजार चारशे मेसेज आलेत हा आकडा बाईंनी तीनदा वाचला. तुमच्यात एवढा बदल होईल असं वाटलं नव्हतं म्हणाल्या. मला खूप बरं वाटलं. बावीस वर्षांत त्या खोलीतून हसत बाहेर पडायची पहिलीच वेळ.

पुरावा म्हणून ग्रुपची सगळी चर्चा छापून द्यायची आहे. झेरॉक्सवाल्याला दिली. बारीक अक्षरात तीनशे बारा पानं, स्पायरल बाइंडिंग. तो छापता छापता वाचत होता. पोलिस केस आहे का, असं त्याने विचारलं. शिक्षण नसलं की असं होतं.

३ ऑक्टोबर, बुधवार

रात्री जेवताना बघितलं तर लेकीच्या उजव्या हाताची बोटं सोललेली. काय झालं म्हटलं तर दार लागलं. चार बोटांना एकदम दार लागतं? लागत असेल. या घरातली दारं वाईट आहेत, मीच त्यातली दोन आपटून खराब केली.

ती मध्येच म्हणाली की मी काल पाठवलेलं वाचलंत ना. मी म्हटलं वाचलं. ती म्हणाली, आणि तुमचं हो आहे. मी म्हटलं, हो म्हणजे काय, बिनधास्त पुढे जा, बाप तुझ्या पाठीशी आहे. तिने चष्मा काढून पुसला. मग बरं म्हणाली. पोटभर जेवली. कित्येक दिवसांनी.

मुलांना दोन शब्द प्रोत्साहनाचे लागतात, बाकी काही नाही.

४ ऑक्टोबर, गुरुवार

उद्याची तयारी. इस्त्री. भाषणाचा समारोप: माझ्या हातात आता छडी नाही, मोबाईल आहे. हे वाक्य आरशासमोर अकरा वेळा म्हटलं. बाराव्यांदा बायको मागे येऊन उभी होती. दिव्याखाली अंधार म्हणाली आणि ड्यूटीवर गेली. तिला बहुतेक बाथरूममधला बल्ब म्हणायचा होता. बदलला.

५ ऑक्टोबर, शुक्रवार. संध्याकाळी ६

 जे झालं ते क्रमाने लिहिलं पाहिजे. इतिहासाचा माणूस आहे मी.

सकाळी साडेदहा. सभागृह. समितीत दोन गृहस्थ आणि एक बाई. मोठ्या पडद्यावर ग्रुप लावला होता. मुलं वर्गात, आम्ही खाली. मी म्हटलं, आता प्रत्यक्ष बघा. प्रश्न टाकला: निर्णायक लढाई म्हणजे काय, उदाहरण द्या. पाच सेकंदांत आगपेटीचं उत्तर आलं. आत्ता. जिन्याखाली. सगळ्यांनी या.

समितीतल्या बाईंनी विचारलं की याचा अर्थ काय. मी म्हटलं, वर्तमानकाळात उत्तर दिलंय, म्हणजे इतिहास जिवंत झालाय. आणि सगळ्यांसमोर पडद्यावर अंगठा दिला. पाठोपाठ एकवीस अंगठे पडले. मग वर पायांचा आवाज सुरू झाला.

आधी वाटलं टाळ्या. मग एक बाक जिन्यावरून खाली आला.

आम्ही धावलो. जिन्याखाली बेचाळीस मुलं एकमेकांत. झाडू, कंपासपेट्या, पाण्याच्या बाटल्या, फळ्याची लाकडी पट्टी. कुणाचे केस कुणाच्या मुठीत. शिपाईकाका भिंतीला पाठ लावून हसायचा प्रयत्न करत होते. तिसरं कलम त्यांनाही माहीत होतं वाटतं. मध्ये पैलवान उताणा. पुढचे दोन दात नाहीत, एक खांदा भलत्याच कोनात. आणि त्याच्या छातीवर माझी लेक. चष्मा काढून बाजूला नीट ठेवलेला. हातात आगीसाठी भरून ठेवलेली वाळूची लाल बादली, दोन्ही हातांनी डोक्यावर उचललेली.

क्षणभर मला वाटलं प्रथमोपचार.

कुणीतरी ओरडलं, आगपेटी, सोड त्याला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, आणि असा पडला की बाकी काही दिसेना. गणितवाल्याने तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. बरोबरच केलं त्याने, नाहीतर ती बादली खाली आली असती. पण तिचा दंड त्याच्या मुठीत दिसला आणि माझा हात आपोआप गेला. हातात तीनशे बारा पानं होती, स्पायरलसकट. गणितवाल्याच्या नाकाचं हाड मोडलं.

तो सहकारी आहे, विद्यार्थी नाही. मेमोत सहकाऱ्यांबद्दल काही नाही. हे मी तिथेच मोठ्या बाईंना सांगितलं. सांगायला नको होतं.

६ ऑक्टोबर, शनिवार

चौकशी. समितीचे ते तिघेच बसले, पुरस्काराऐवजी आता याला. शाळेत दुसरे कुणी तटस्थ उरले नव्हते. एक गृहस्थ माझंच बाइंडिंग उघडून वाचत गेले. त्यावर गणितवाल्याचं रक्त वाळलेलं. हातच्या काकणाला आरसा कशाला.

पान ८८. पैलवान: उद्या डायनामाइटचं थोबाड फोडणार. सरांचा अंगठा. पान १४१. वर्गाचा बाप: ज्याने अंगठा दिला नाही त्याची यादी टाका, एकेकाला घेऊ. सरांचा अंगठा. पान २०७. पैलवान: सरांना चालतंय, बघितलं ना, घाबरू नका, मारा. सरांचा अंगठा. असे दोन हजारांवर. त्यांनी मला विचारलं की तुम्ही हे वाचलंत का. वाचलं म्हणालो तर मेलो, नाही म्हणालो तरी मेलो. मी म्हटलं, चाळलं.

शुभ्र फूल हा पैलवानाचा दुसरा नंबर निघाला, आईचा. अंगठे वाढवायला घेतला होता. तीन आठवडे रोज सकाळी मला फूल तो पाठवत होता.

लेकीला विचारलं की तू असं का केलंस. ती म्हणाली की मी आधी परवानगी घेतली होती. कुणाची, तर म्हणाली सरांची. लेखी पण आणि तोंडी पण. माझ्याकडे बघून नाही म्हणाली, खिडकीकडे बघून.

तिला आणि पैलवानाला दहा-दहा दिवस शाळेत बंदी. त्याला तसंही खांद्याच्या प्लास्टरमुळे येता येणार नव्हतं. माझा निर्णय नंतर.

८ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी

घरी कुणी नाही. बायको लेकीला घेऊन बहिणीकडे गेलीय. फुटक्या काचेचा मोबाईल घेऊन बसलो आणि आगपेटीने माझ्या नंबरवर खाजगी पाठवलेले मेसेज पहिल्यापासून वाचले. एकोणीस आहेत. सगळे इथे उतरवत नाही.

१४ सप्टेंबर. बाबा, आगपेटी म्हणजे मी. टोपणनाव सांगायचं नाही असा नियम आहे, पण तुम्हाला सांगते. मला शून्य मिळालं त्याचं काही नाही, फक्त तुम्ही माझं उत्तर वाचलंत का तेवढं सांगा. खाली अंगठा.

२० सप्टेंबर. बाबा, तो माझाही हात पिरगाळतो. घरी सांगितलं तर तुम्ही वशिला म्हणाल म्हणून इथे लिहिते. काय करू? अंगठा.

२२ सप्टेंबर. बाबा, मी जिन्यावरून पडले नाही. अंगठा.

२ ऑक्टोबर. तह मोडला त्याने. लहान मुलींनाही मारतोय. आता मी उलट मारायचं ठरवलंय, आणि शुक्रवारी एकदाच काय ते संपवणार. तुम्ही नको म्हणालात तर नाही करणार. तुम्ही नको म्हणा ना. अंगठा.

प्रत्येकाखाली माझा अंगठा, सकाळी सात ते सात बारा. स्वतःच्या मुस्काटात मारून घेतली. पहिली नीट बसली नाही, म्हणून दुसरी मारली. ती बसली. मग रडू आलं. तेही नोंद करून ठेवतो, कारण बाकी सगळं नोंद केलंय.

मग १४ तारखेचं तिचं चाळीस ओळींचं उत्तर वाचलं. युद्ध का होतं, तर ज्याचं ऐकायला हवं त्याचं ऐकणारं कुणी नसतं म्हणून, असं तिने लिहिलं होतं. पुढे पाच उदाहरणं, सनावळीसकट. एकही सन चुकलेला नाही. वीसपैकी वीस.

आता देऊन काय उपयोग.

१० ऑक्टोबर, बुधवार

बायको आणि लेक परत आल्या. लेक माझ्याशी बोलत नाही. मी खोलीत गेलो की पुस्तक घेते. तिच्या दाराबाहेर उभं राहून माफी मागितली, साडेतीन मिनिटं.  बायको म्हणाली की ती अंघोळीला गेलीय.

गणितवाल्याला दवाखान्यात भेटायला गेलो. फळं नेली. मला बघून त्याने सलाइनचा स्टँड उचलला. त्याचा राग समजू शकतो. पिशवी दारातच ठेवून आलो.

संकल्प: कुणावरच हात उचलणार नाही. विद्यार्थी, सहकारी, भिंत, कप. सगळे आले यात.

१५ ऑक्टोबर, सोमवार

निर्णय आला. निलंबन नाही. मोठ्या बाईंनी माझ्यासाठी शब्द टाकला असं कळलं, का ते कळलं नाही. वर्ष संपेपर्यंत वर्ग नाही, इतिहास नाही. ड्यूटी बदलली. आजपासून शाळेत मोबाईलला बंदी. सकाळी फाटकावर सगळ्या मुलांचे मोबाईल जमा करून घ्यायचे, लाकडी खणांत ठेवायचे, टोकन द्यायचं, सुट्टी झाली की परत करायचे. हे काम माझं.

कमीपणा मानत नाही. आठशे मुलांशी रोज थेट संपर्क. ग्रुपवर फक्त बेचाळीस होते. टोकनांना रंग द्यायचा विचार आहे, इयत्तेप्रमाणे.

१७ ऑक्टोबर, बुधवार

आज लेकीची बंदी संपली. सकाळी माझ्या आधी घरातून निघाली, दुसऱ्या रस्त्याने. मी फाटकावर टेबल लावून बसलो. रांग नीट होती. कुणी ढकलाढकली केली नाही. पहिल्या अर्ध्या तासात नव्वद मोबाईल, एकही ओरखडा नाही. मोठ्या बाई खिडकीतून बघून गेल्या.

आठ वाजून दहा मिनिटांनी ती समोर आली. मोबाईल काढून टेबलावर ठेवला. मी टोकन शोधायला मुद्दाम वेळ लावला. विचारलं की डबा घेतलास का. चष्म्याचा नंबर बरोबर बसला का. बोटं दुखतात का अजून. आणि मग, ठरवलं नव्हतं, पण विचारलं की संध्याकाळी मी फाटकाशी थांबू का, बरोबर घरी जाऊ. मोबाईल इथेच खणात ठेवून येईन म्हटलं.

तिने माझ्या हातातून टोकन घेतलं. तिच्या इयत्तेचं, सत्तावीस नंबर. सर, मागे रांग आहे, म्हणाली, आणि आत गेली.

अकरा दिवसांतलं हे पहिलं वाक्य. प्रगती आहे. पुढच्या मुलाला टोकन दिलं.